भुंड्याचा वास

वस्तू बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कालव्यात बुडता बुडता वाचवलेला भुंड्या कुत्रा जन्मभर ज्या गोणपाटावर झोपला, ते गोणपाट तो मेल्यापासून गोठ्यातल्या खिळ्याला घट्ट धरून बसलं होतं. त्याच्या अंगाला भुंड्याचा वास होता. भुंड्याचं तेवढंच उरलं होतं.

एका सकाळी शेळी धापा टाकत आली. "गोणपाटा, चल लवकर! कालव्यातून कोल्ह्याचं पिल्लू काढलंय. गारठून मरतंय बिचारं!"

"कोल्ह्याचं? आणि माझ्यात? माझ्या भुंड्याचा वास जाईल!"

"भुंड्या आला तेव्हा तुला ज्वारीचा वास होता," कोपऱ्यातली जर्मन धातूची थाळी खणखणली. "तो वास गेला म्हणून रडलंस का रे?"

बाहेर पिल्लू कुईं करून गप्प झालं. असाच गप्प झालेला भुंड्या गोणपाटाने एकदा कुशीत घेतला होता.

"ओढ, शेळीताई! फाटलं तरी ओढ!"

फर्रकन आवाज झाला आणि गोणपाट तिच्या तोंडात फडफडत अंगणात धावलं. त्याने पिल्लाला गच्च गुंडाळलं, खसाखसा पुसलं. पिल्लू शिंकलं!

मग गोणपाटाने भीत भीत स्वतःचा वास घेतला. ओले केस, कालव्याचा गाळ. भुंड्या आला त्या दिवशी अगदी हाच वास होता.

"थाळीबाई," ते आनंदाने ओरडलं, "दूध आण, दूध!"