परसातली पणती

एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही बरं का. राजाची पत्रं लिहून देणाऱ्या त्र्यंबकपंतांची आहे.

पंतांच्या पुढच्या अंगणात सदा माणसं असायची. कुणी पागोटेवाला, कुणी घोडेस्वार. मग पंत म्हातारे झाले, हात कापायला लागला. राजानं नवा लेखक ठेवला आणि माणसं त्याच्या अंगणात गेली. मग पंतांची बायको काशी, तीही देवाघरी गेली. मूलबाळ नव्हतं. एवढ्या घरात पंत एकटे.

दिवसदिवस बोलायला कुणी नाही. मग काय झालं, पंतांचा आवाज झिजायला लागला. चंदनाचं खोड झिजतं ना, तसा. आधी होता माणसाएवढा, मग झाला मांजराएवढा, मग रातकिड्याएवढा.

वैद्यबुवा आले. नाडी बघितली.

"याला औषध नाही. अमावास्येच्या रात्रीपर्यंत कुणी येऊन तुमच्याशी बसून बोललं, तर आवाज राहील. नाहीतर गेला तो कायमचा."

"मग तुम्हीच बसा की," पंत म्हणाले.

"बसलो असतो हो, पण घोडं खोळंबलंय," म्हणाले वैद्यबुवा, आणि गेले.

अमावास्येला उरले होते तीन दिवस. आपण होऊन कुणाकडे जावं, तर पंतांना संकोच. काय म्हणून जायचं? लोक काय म्हणतील? मग त्यांना वाटलं, आपल्या अंगणात अंधार असतो, म्हणून कुणी येत नसेल.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी पायरीवर एक पणती लावली. वाट बघत बसले. आलं कोण? दोन पतंग. त्यांना कुठं बोलता येतं!

दुसऱ्या संध्याकाळी पंतांनी सोनचाफ्याला मोठा कंदील टांगला. एक घोडेस्वार थांबला. पंतांचा जीव सुपाएवढा झाला. तो म्हणाला, "आजोबा, नव्या लेखकांचं घर कुठलं?" पंतांनी हातानं दाखवलं. तो गेला. टापांचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू आला.

तिसरी संध्याकाळ अमावास्येची. पंतांनी घरातलं होतं नव्हतं तेवढं तेल काढलं. जाईच्या मांडवावर दिवे, तुळशीपाशी दिवे, कुंपणावर दिवे. अंगण नुसतं झगमगलं. आणि खरंच माणसं जमली बरं का! पण रस्त्यातच उभी राहिली.

"पंतांकडे काही कार्य आहे वाटतं," एक म्हणाला.

"असेल. पण आमंत्रण कुठंय आपल्याला?"

"मग बोलावल्याशिवाय कसं जायचं?"

थोडा वेळ दिवे बघितले आणि गेली आपापल्या घरी. "या हो," असं पंत म्हणत होते, पण आवाज आता मुंगीएवढा. कुंपणापर्यंतसुद्धा पोचला नाही.

मग पंतांनी एकेक दिवा मालवला. शेवटची एक पणती राहिली. तिच्यावर फुंकर घालणार, तोच ज्योत बोलली, "पंत, मला मागं न्या."

"मागं?" पंत दचकले. "दिवेलागणीला मागचं दार उघडू नये. लक्ष्मी निघून जाते."

"जायला आत आहे कोण?" ज्योत म्हणाली.

पंतांनी पणती उचलली, मागची कडी काढली. काशी गेल्यापासून ते दार उघडलंच नव्हतं. दारामागं परस, म्हणजे घरामागची बाग. तिथं अळू कमरेएवढं वाढलेलं, केळी वाकलेल्या. कुंपणात माणूस शिरेल एवढी फट, आणि तिथून दारापर्यंत गवतात बुजलेली पायवाट. पंतांनी धुण्याच्या दगडावर पणती ठेवली.

मग कुंपण सळसळलं. मागच्या आळीतली बायजाक्का फटीतून आत आली. हातात झाकलेली वाटी.

"अगोबाई, पंत! दिवा दिसला म्हणून आले. दोन वर्षं नुसता मेला काळोख इथं. एकदा आले होते, तर याच दगडाला अडखळले. अख्खी उसळ अळवात सांडली. दारही बंद. म्हटलं, पंतांना नको असेल कुणी."

"पुढून यायचं," पंत मुंगीच्या आवाजात म्हणाले.

बायजाक्कानं कान अगदी जवळ आणला. "पुढून? पुढून पाहुणे येतात हो. काशीकडे आम्ही कधी पुढून आलोय?"

बघा म्हणजे! चाळीस वर्षं पंत पुढं पत्रं लिहीत बसले होते, आणि मागं रोज संध्याकाळी अख्खी आळी येत होती. त्यांना पत्ताच नव्हता.

"बसा," पंत म्हणाले. तो आवाज रातकिड्याएवढा झाला होता.

बायजाक्का उंबऱ्यावर बसली. तिनं आपल्या खोडकर शेळीची गोष्ट सांगितली. पंतांनी विचारलं, "मग?" आवाज झाला मांजराएवढा. मग तिनं शेळीचं नाव सांगितलं. नव्या लेखकाचंच नाव होतं ते! पंत असे मोठ्यानं हसले, की केळीवरचं घुबड उडालं.

ते हसणं मागच्या आळीत ऐकू गेलं. मग कुणी ताक घेऊन आलं, कुणी भाकरी, कुणी नुसतंच आलं. आणि दुसऱ्या दिवशीही आलं.

काशी तेवढी परत आली नाही. गोष्टीतसुद्धा तसं होत नाही, बाळांनो. पण माणसं तिच्याबद्दल बोलायची. ती राजाची हुबेहूब नक्कल करायची म्हणे. पंतांनी ती नक्कल कधी पाहिलीच नव्हती. ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे, आणि सगळी पुन्हा पुन्हा सांगायची.

असे पंत पोटभर बोलले, पोटभर जेवले, सुखानं राहिले. मागची आळीही सुखानं राहिली. तुम्हीही राहा. आता बोलणं पुरे. पांघरूण घ्या आणि मिटा डोळे.