बागेत आवाज कुणाचा?

“बागेत आवाज करायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही,” हे मी कॉलनीत लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे एवढी छान बाग संध्याकाळी ओस पडायची. आम्ही मुलींनी तिथे रविवारी पथनाट्य ठरवलं, तर बागसमितीचे अध्यक्ष बोकीलतात्या कडाडले, “नाटक बंद! नियम म्हणजे नियम!”

मी तिथेच कागदावर लिहून पुढे केलं. “करा सही तात्या. ‘बागेत कुणीही, कधीही मोठा आवाज करू नये.’ उद्या पहाटेपासून लागू.”

तात्यांनी पेन उघडलं आणि ते थबकले. रोज पहाटे सहाला त्यांचाच हास्यक्लब बागेत गडगडाटी हसायचा.

“हास्यक्लब सोडून, असं लिही की गं.”

“नाही लिहिणार.”

तात्यांनी मुकाट्याने पेन मिटलं. सही नाही म्हणजे नियमही नाही; आमचं नाटक बचावलं, माझ्या जिवात जीव आला.