गेनू जावई निसर्ग उद्यान बघतो

जांभळेवाडीत गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसराच शब्द वापरायचं.

त्याच्या सासऱ्यांना, म्हणजे रंगरावांना, जावयाच्या अकलेचा भरवसा नव्हता. "लेकीला कायमची माहेरी नेतो," म्हणून ते येऊन बसले. गेनूची बायको सुगंधा काकुळतीला आली. "आबा, एक दिवस यांच्याबरोबर फिरा. मग ठरवा."

तिघं निसर्ग उद्यान बघायला गेली. रंगरावांचे गुडघे दुखायचे, म्हणून फाटकावर चाकाची खुर्ची घेतली.

आधी बाग. गेनूने दिसलं ते निळं फूल तोडलं. राखणदार धावत आला. "हात लावायचा नाही! लांबूनच बघायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

पुढे निवडुंगात सुगंधाचा पदर अडकला. "अहो, सोडवा ना!" गेनू हात मागे बांधून लांबून बघत राहिला. पदर टर्रकन फाटला.

"कुणी अडकलेलं दिसलं की सोडवायचं हो! विचारत बसायचं नाही."

"बरं."

मग संग्रहालय. पेटीत टाचण्या टोचलेली फुलपाखरं होती. गेनूला गलबलून आलं. त्याने चाळीस टाचण्या उपसल्या आणि फुलपाखरं खिडकीतून उडवली. ती सरळ खाली पडली.

तिथले साहेब कपाळ बडवत आले. "अहो, मेलेली होती ती! जे हलत नाही, बोलत नाही, ते मेलेलं. त्याला काचेआड ठेवायचं, खाली पाटी लावायची. कळलं?"

"कळलं."

माफीनामा लिहून घ्यायला साहेबांनी सुगंधाला कचेरीत नेलं. गेनूकडून लिहून घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

इकडे रंगराव दुपारची बासुंदी अंगावर येऊन खुर्चीतच झोपले होते. हलत नव्हते. बोलत नव्हते.

"मामा?" गेनूने हाक मारली. "ओ मामा?"

 गेनू रडला. अगदी मनापासून रडला. मग डोळे पुसून कामाला लागला.

शेजारची काचेची खोली रिकामी होती. तिथलं पेंढा भरलेलं अस्वल दुरुस्तीला गेलं होतं. गेनूने खुर्ची आत ढकलली, बाहेरून कडी घातली आणि पुठ्ठ्यावर पाटी लिहिली: 'सासरा. नर. आहार: बासुंदी. स्वभाव: उपद्रवी.'

थोड्या वेळात शाळेची सहल आली. बाईंनी पाटी मोठ्याने वाचली. मुलांनी वहीत उतरवून घेतली.

त्या गलक्याने रंगराव जागे झाले आणि दोन्ही मुठींनी काच बडवू लागले. मुलं किंचाळत पळाली. त्यांच्या पुढे बाई पळाल्या.

गेनू तेवढा जागचा हलला नाही. काचेजवळ तोंड नेऊन तो हळूच म्हणाला, "मामा, काचेवर टकटक करू नये अशी पाटी आहे. माझी नाही, सरकारची."