सतरंजीची घडी

"…मग आपण चुकलो कुठं, ते तरी सांगा मास्तर!"

आमदार मल्लिकार्जुन धोत्रे तावातावाने विचारत होते. पक्षाच्या जुन्या कार्यालयाच्या अंगणात मोठी सतरंजी उन्हात घातली होती, तिच्यावरची धूळ मास्तर झटकत राहिले.

पक्ष मास्तरांनी काढलेला आणि मल्लिकार्जुन त्यांच्या हाताखाली घडलेला. रविवारी पक्षाचा सुवर्णमहोत्सव होता. मास्तरांनी व्यासपीठावर येऊन एवढंच म्हणायचं होतं, की हा पक्ष तोच आहे. मास्तर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आमदारांचा जीव टांगणीला लागला होता.

"लोक कुजबुजतात. म्हणतात, ज्या खाणीवर पहिला संप केला, त्याच खाणमालकाच्या पोराला यांनी तिकीट दिलं."

"दिलंस का?"

"दिलं… पण निवडून येणारा दुसरा होता कोण?"

मास्तरांनी नुसती मान डोलावली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं आमदारांना वाटून गेलं. रागाला उत्तर देता येतं.

"प्रत्येक वेळी कारण होतं, मास्तर. सतरंजीवरून खुर्च्यांवर आलो, ते तुमच्या गुडघ्यांसाठी."

"हो. बरं वाटलं होतं मला."

"मागच्यांना दिसेना म्हणून व्यासपीठ केलं. मांडवाचा खर्च खाणमालकानं उचलला, म्हणून त्याला पुढं बसवलं. पुढं बसवलेल्या माणसाला दोन शब्द बोला म्हणावंच लागतं… मुद्दाम म्हणून आपण एकदाही काही सोडलं नाही!"

"टोक धर," मास्तर म्हणाले.

अंगरक्षक लगबगीने पुढे झाला. "साहेब, मी धरतो."

"तू नको रे बाबा. मल्लूच धरेल."

मल्लू! आई गेल्यापासून या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती. त्यांनी निमूटपणे टोक उचललं.

पक्षाची एक रीत होती. सभा संपली की सतरंजीची घडी अध्यक्षाने घालायची आणि दुसरं टोक त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या माणसाने धरायचं. मल्लू पहिल्यांदा आला तेव्हा खाणीवर दगड फोडत होता. आपण वडाराचं पोर, आत बसावं की नाही, म्हणून चपला हातात घेऊन दाराशीच उभा राहिला होता. मास्तरांनी त्याला हाक मारून टोक धरायला लावलं. घडी घालत दोघे जवळ आले आणि मास्तरांचे हात त्याच्या हातांना लागले. त्या आनंदात त्याला रात्रभर झोप आली नव्हती.

ती रीत कधी बंद पडली, ते आमदारांना आठवेना. मांडववाला आपली सतरंजी आपणच उचलून नेतो.

तेवढ्यात फोन वाजला. आमदारांनी तो मान वाकडी करून खांद्याशी धरला आणि बोलता बोलता हातातले कोपरे कसेबसे जुळवले. बोटभर फरक राहिला. मास्तरांनी तो पाहिला.

दुसरी घडी पडली, मग तिसरी. दोघे एकमेकांकडे चालत आले. समोरासमोर पोहोचले तेव्हा सतरंजीची एक बाजू चांगली वीतभर लोंबत होती.

आमदारांनी फोन खिशात टाकला. लोंबणारी बाजू ओढून पाहिली, थोपटून पाहिली, शेवटी आत दुमडली. "असू दे मास्तर. कपाटात कोण बघतंय?"

मास्तरांनी आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले. हात आता सुरकुतले होते. पण ऊब तीच होती, त्या पहिल्या दिवसाची.

"मास्तर… रविवारी याल ना?"

"उलगड."

"वरची घडी तेवढी सारखी करतो की."

"ती वरची नाही बिघडलेली."

आमदार घडीकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातला फोन काढला आणि न बघताच अंगरक्षकाच्या हातात दिला.

"सगळी उलगडायची…? पार पहिल्यापासून?"

मास्तर आपलं टोक घेऊन मागे सरकू लागले होते. त्या गुडघ्यांनी, एकेक पाऊल टाकत, अंगणाच्या पलीकडच्या कडेला.

"मास्तर, तुम्हाला झेपायचं नाही! थांबा, खुर्ची…" आमदारांनी जीभ चावली.

मास्तर हसले. कडेला पोहोचून त्यांनी दम घेतला आणि सतरंजी ताणून धरली.

"उलगड मल्लू. माझं टोक मी धरलंय."