साळूबाईची फेरी

हा काळा दगड बघा. त्याच्याभोवतीची जमीन गोल झिजलीय, गवताची काडी उगवत नाही. आमच्या ओतारआळीत याला साळूबाईची फेरी म्हणतात. अहो, बसू नका! इथं बसायचं नसतं. माझ्याबरोबर चाला, चालता चालता सांगतो. दगडाला टेकवलेल्या त्या कोरफडीच्या पाती आत्ताच कापल्यात. माझ्या सुनेचा, सुगंधाचा, उजवा हात सकाळी भट्टीवर भाजला. डॉक्टर म्हणाले वरवरचं आहे, कोरफड लावली तरी चालेल. पण घंटा ओतणारा हात तो, बोटं आखडली तर? माझं चित्त थाऱ्यावर नाही. सांगताना इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

फार मागं, म्हणे, देवीसाठी मोठी घंटा ओतायची होती. भागुजी ओतारी म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला कारागीर. त्या दिवशी साचा ओला राहिला. वितळलेलं पितळ आत पडताच साचा फुटला आणि रस भागुजीच्या हातावर उडाला. त्याची बायको साळूबाई धावली, परसातली कोरफड ओरबाडली, चिरली आणि तशीच चोळली. कापल्याबरोबर पातीतून पिवळा, कडू चीक सुटतो. तो जखमेत गेला. नुसती आग आग झाली. हात चिघळला, आणि बरा होईस्तोवर बोटं आखडून गेली. पितळ वितळवायची मूस त्याला पुन्हा उचलता आली नाही. त्याला भरवताना साळूबाई घासाघासाला स्वतःला दूषणं द्यायची, असं सांगतात.

जरा थांबा... छे, अजून पिवळंच येतंय. चला.

पुढं त्यांच्या मुलानं, म्हसूनं, मूस धरली. तीच घंटा ओतायला घेतली आणि, नशीब बघा, त्याचाही हात भाजला. पोर गडाबडा लोळतंय, अख्खी आळी ओरडतेय, ‘लाव की गं बाई, लाव!’ साळूबाईनं पाती कापल्या, कापलेलं टोक खाली करून या दगडाला उभ्या टेकवल्या. चीक निथळल्याशिवाय लावणार नाही, आणि तोवर खालीही बसणार नाही, म्हणाली. दगडाभोवती फिरत राहिली. लोक म्हणाले, ही आई आहे का कोण! जावेनं तर पात हिसकायला हात घातला.

तेव्हा भागुजी उठला. आपला आखडलेला हात त्यानं सगळ्यांपुढं धरला आणि बायकोच्या मागोमाग चालू लागला. ‘घाई करू नकोस,’ एवढंच बोलला. त्या हाताबद्दल तोवर तो तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता म्हणे.

चीक थांबला. तिनं पाती धुतल्या, गर काढून लावला. म्हसूची बोटं शाबूत राहिली, आणि देवीची घंटा त्यानंच ओतली. नंतर लोक बघतात तर धुळीत पावलं तिघांची. तिसरी देवी होती, असं जुनी माणसं सांगतात. मी काही बघायला नव्हतो.

तुम्ही कॉलेजातली पोरं याच गराचं मलम करताय. चीक तुम्हीही आधी काढून टाकता म्हणालात, बरं वाटलं ऐकून. मग तो निथळेपर्यंत तुमच्यातलं फेऱ्या कोण घालतं? हसताय काय, खरंच विचारतोय!

आजही इथं कुणी भाजलं की घरातलं एक माणूस पाती घेऊन फेरीला येतं, आणि त्याच्या मागं दुसरं कुणीतरी चालतं. एकट्याला दम निघत नाही हो. माझा मुलगा घंटा पोचवायला परगावी गेलाय. तुम्ही यायच्या आधी मी एकटाच फिरत होतो. आत सुगंधा कण्हत होती, आणि माझा हात दोनदा त्या पातीकडे गेला होता.

बघा, बघा, आता थेंब पाण्यासारखा आला. बाळ, तूच उचल ती पात. मी धुवायला पाणी आणतो.