साळूचा काटा

फार पूर्वी एका रानात सशाची रताळी कुणीतरी उकरून खाल्ली. तिथे एक काटा सापडला, म्हणून न्याय करणाऱ्या कोल्ह्याने साळू साळिंदरीला सूर्यास्ताआधी रान सोडायचा हुकूम दिला.

साळू धापा टाकत त्याच्याहून मोठा निवाडा करणाऱ्या म्हाताऱ्या हत्तिणीकडे धावली. "आजी, बिळात पिल्लं आहेत. उन्हं कलली. निकाल पुन्हा तपासा!"

हत्तिणीने कोल्ह्याला आणि सशाला बोलावलं. "कोल्होबा, हिला काही विचारलंत?"

"काटा हिचाच आहे. विचारायचं काय?"

साळूला राहवेना. "तो काटा सशानेच मागून नेला होता, कुंपणाला खोचायला!"

"हो, नेला होता," ससा म्हणाला.

"मग आधी का नाही बोललास?" कोल्हा ओरडला.

"मला कुणी विचारलंच नाही."

हत्तिणीने हुकूम रद्द केला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत साळू बिळाकडे पळत सुटली.