समोरच्या पालातला अनोळखी

परमुलखात भरवसा कोणावर ठेवावा, सांगा बरं? गोड बोलणाऱ्यावर, की आपल्याला बघून मान फिरवणाऱ्यावर? घाई नको. आधी हळदवाल्याचं ऐका.

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या एका बंदरात आपल्या मुलखातला एक हळदवाला पाल ठोकून बसे. समोरच्या पालात एक घोंगडीवाला. दुपारी पडद्याआड त्यानं मुठीनं कांदा फोडला, की आवाजावरूनच हळदवाला ओळखे, हा आपल्याकडचाच. पण तीन वर्षांत दोघं चकार शब्द बोलले नाहीत. समोरासमोर आलेच, तर एक पागोटं सारखं करी, दुसरा आभाळ बघे.

कारण सांगतो. हळदवाल्यानं घरी कळवलं होतं, "इथे माझी मोठी पेढी आहे." ओळख झाली, तर हा गावाकडे जाऊन पालाची गोष्ट फोडेल, ही धास्ती.

त्या बंदराचा एक नियम होता. तीन वर्षं झाली, की परक्याची हमी त्याच्याच मुलखातल्या कोणीतरी द्यायची. नाहीतर पुढच्या गलबतानं परत.

एक दिवस अंमलदार घोंगडीवाल्याला घेऊन हळदवाल्याकडे आला. "तुझ्या मुलखातला दिसतो. ओळखतोस याला?"

हळदवाल्याचा हात सवयीनं पागोट्याकडे गेला. नाही म्हटलं तर पेढीची थाप शाबूत. पण समोरचा आज पहिल्यांदाच आभाळ बघत नव्हता.

"नाव ठाऊक नाही, सरकार. गावही नाही. पण तीन वर्षं चोरून बघतोय. कसर लागलेली घोंगडी यानं कधी कोणाच्या गळ्यात मारली नाही. भोक आधी स्वतःच दाखवतो. मी हमी देतो."

"बोलत नाहीस, आणि हमी देतोस?"

"बोललो असतो, तर त्यानं सांगितलं तेवढंच कळलं असतं."

अंमलदार मिशीत हसला. "तुझीही तीन वर्षं भरली. तुझी हमी कोण देणार?"

"मी देतो," घोंगडीवाला म्हणाला. "गेल्या पावसात याची हळद भिजली, बुरशी धरली. कोणी बघत नाही असं समजून यानं ती सगळी खाडीत ओतली. मी बघत होतो."

अंमलदार गेला. घोंगडीवाला हळूच म्हणाला, "पाव्हणं, एक विनंती. मी पालात बसतो, हे गावाकडे सांगू नका. घरच्यांना वाटतं, माझं दुमजली दुकान आहे."

हळदवाला पोट धरून हसला. "या आत. आज कांदा मी फोडतो. नाव काय तुमचं?"

"हैबती."

त्याच आठवड्यात दोघांनी शेजारी बसून आपापल्या घरी खरं काय ते लिहिलं.

तात्पर्य: परमुलखात आपण आपल्याच माणसाला टाळतो, ते बहुतेकदा त्याच्या दोषामुळे नाही, आपल्या लाजेमुळे. तेव्हा मंडळी, कोणाला बघून मान फिरवलीत आणि का, एवढा हिशोब मात्र प्रामाणिकपणे ठेवा.